टरफलासकट

रुखमाने चपला बोडीच्या पारीवर काढल्या, बांध उतरून तळ्याच्या घोटाभर पाण्यात गेली आणि ओंजळ भरून घेतली.

"या पान्याची आन आहे," ती म्हणाली, "म्या यात दवाई टाकली असंन तं माहे हात झडून जाऊ दे."

पारीवर उभ्या असलेल्या बाकीच्या बायका खाली मान घालून मातीकडे पाहू लागल्या. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवराच्या घरची बाई पाण्याची आन उगाच घेत नाही, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. सत्यभामालाही माहीत होतं. पण तिच्या हातातल्या मोबाइलवर कैलाश व्यापाऱ्याने पाठवलेला तपासणीचा कागद उघडा होता, आणि त्या कागदाच्या तळाशी तपासणाऱ्याचं नाव होतं: रुचिता मेश्राम. तिची स्वतःची मुलगी.

"मी तुह्यं नाव घेतलं काय, रुखमा?" सत्यभामा म्हणाली. "मी इतकंच म्हनते, माह्या पोरीच्या हातून चूक होत नाही, अन् मशीन कोनाचा मुलाहिजा ठेवत नाही. मंग झिंग्यात दवाई आली कुठून? आभाळातून पडली?"

नाव घेतलं नव्हतं हे खरं. पण तिची नजर जिकडे गेली होती तिकडेच सगळ्यांची गेली होती, आणि नाव घेण्याचं काही बाकी राहिलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत झिंगे जरा मंदावले, दोन-चार मेले, तेव्हा रुखमाच म्हणाली होती की कोंबड्यांना देतो ती पिवळी पावडर थोडी टाकून पाहू. सत्यभामाने तेव्हा साफ नाही म्हटलं होतं. आता सगळ्यांना तीच पिवळी पावडर आठवत होती.

रुखमाने ओंजळीतलं पाणी परत बोडीत सोडलं, ओले पाय तसेच चपलांत घातले आणि पारीवरून निघून गेली.

ग्रामपंचायतीची ती बोडी बायकांच्या गटाने ठेक्याने घेतली तेव्हा गावातल्या पुरुषांना हसायला एक विषय मिळाला होता. त्यातून सत्यभामाने मासे सोडून मोठे झिंगे टाकायचं ठरवलं तेव्हा तर पानठेल्यावर महिनाभर दुसरी चर्चा नव्हती. सत्यभामाने त्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. पावसाळ्यात बीज सोडलं, पाळीपाळीने राखण केली, खाद्य म्हणून कोंडा आणि पेंडीची ढेप घातली, आणि फेब्रुवारीत पहिलं जाळं ओढलं तेव्हा निळ्या नांग्यांचे वीत-वीतभर झिंगे पाहून हसणारेच पाहायला आले. जाळं टाकायचं कसब रुखमाचं होतं. बाकीच्यांना तिनेच शिकवलं होतं. पण कर्तेपण सत्यभामाचं, आणि ते तिच्या चालण्यात दिसायचं.

कैलाश नागपूरच्या मोठ्या हॉटेलांना माल पुरवायचा. सगळा माल उचलतो म्हणाला, पण आधी तपासणी. बंदी घातलेली जनावरांची औषधं देऊन वाढवलेला माल निघाला तर हॉटेलवाले दारात उभं करत नाहीत, असं त्याने सांगितलं. त्याने अर्धा किलो झिंगे बर्फात घालून नेले आणि नागपूर रस्त्यावरच्या शहापूरजवळ एका खासगी प्रयोगशाळेत दिले. सत्यभामाच्या आनंदाला पारावार राहिला नाही, कारण रुचिता तिथेच नोकरीला होती. मुलीला मात्र तिने मुद्दाम कळवलं नाही. पास झाल्यावर एकदमच सांगू, असा तिचा बेत होता.

रुचिताच्या बाबतीत सत्यभामाचं सगळं असं वाजतगाजतच असायचं. पोरगी दहावी झाली, पेढे. बारावी झाली, पेढे. केमिस्ट्री घेऊन एमएस्सी झाली तेव्हा तर बौद्धवाड्यापासून ढिवर मोहल्ल्यापर्यंत एक घर सुटलं नाही. नोकरी लागली तेव्हाही पेढे. गावात कोणाला साखरेचा त्रास निघाला की बायका म्हणत, सत्यभामाबाईच्या पेढ्यांनीच केला हा. सत्यभामा ते ऐकून रागावायची नाही. संघपाल, तिचा नवरा, राइस मिलमध्ये पोती उचलत आला होता, ती स्वतः लोकांच्या बांधीत धानाची रोवणी करत आली होती, आणि त्यांची लेक पांढरा कोट घालून लोकांच्या पोटात काय जातं ते तपासत होती. यावर पेढे वाटायचे नाहीत तर मग कशावर वाटायचे?

आणि आता तिच्याच लेकीने तिचे झिंगे नापास केले होते. नायट्रोफ्युराझोन नावाच्या औषधाचा अंश सापडला, असं कागद म्हणत होता. कैलाशने फोन उचलणं बंद केलं. सानगडीच्या बाजारात 'दवाईवाले झिंगे' ही बातमी त्यांच्या टोपलीच्या आधी पोचली. बोडीचं पाणी रोज खाली जात होतं. ऊन असंच तापत राहिलं तर थोड्याच दिवसांत झिंगे आपोआप मरणार होते, आणि बायकांची मेहनत चिखलात जाणार होती. पोरीला सांगून कागद बदलून आण, असं एकीने दबक्या आवाजात सुचवूनही पाहिलं. सत्यभामाने तिच्याकडे असं पाहिलं की तो विषय पुन्हा निघाला नाही.

पण रविवारी ती शहापूरला गेली. या औषधाचं बाजारातलं नाव काय, ते दिसतं कसं, कोण विकतं, एवढं पोरीकडून समजून घ्यायचं आणि टाकणारी हुडकून काढायची, असं तिच्या मनात होतं. जाताना बोडीतले मूठभर झिंगे वांगी घालून शिजवले आणि डबा पिशवीत ठेवला. लेकीकडे रिकाम्या हाताने जायची तिला सवय नव्हती.

रुचिताची खोली हायवेपासून थोडी आत होती. आईला दारात पाहून ती खूश झाली, आणि आईने पिशवी ठेवता ठेवता सगळं सांगितलं तेव्हा ती खुर्चीवर बसलीच.

"ते तुमचे होते, आई?"

"मंग कोनाचे? तुले ठाऊक नाही?"

"आमच्याकडे नाव येत नाही. नुसता नंबर येते." रुचिताने कपाळावर हात ठेवला. "म्या तं खूप जपून केलं होतं ते काम. आमच्याकडे रोज दूध असते, अंडे असतात, मध असते. झिंगे पयल्यांदाच आले. लांजेवार मॅडमनं माह्याकडेच देल्ले."

एवढ्या दुःखातही 'माह्याकडेच देल्ले' हे सत्यभामाच्या कानाला गोड लागलं. तिने ताटं घेतली, भात वाढला, डबा उघडला.

"तू नोको खाऊ ते, आई," रुचिता घाईने म्हणाली. "त्या दवाईनं कॅन्सर होते म्हनून तिच्यावर बंदी आहे."

"माह्या बोडीतले आहेत. त्यात इख असंन तं पयले मलेच होऊ दे."

सत्यभामाने एक झिंगा उचलला आणि रागारागाने चावायला लागली. कुरकुर आवाज होत राहिला. रुचिता तिच्या तोंडाकडे पाहत होती. आधी काळजीने, मग कसल्यातरी विचाराने, आणि मग तिची नजर एकदम थांबली.

"आई, तू टरफलासकट खाल्लं."

"मंग? फेकून देऊ? सारी चव त्यातच तं असते. तुले लहानपनी म्या कधी सोलून देल्ला काय?"

"नाही," रुचिता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "कधीच नाही देल्ला."

ती उठली. मोबाइल घेऊन खिडकीशी उभी राहिली आणि वाचत राहिली, एक संपलं की दुसरं. ताटातला भात निवला. सत्यभामाने दोनदा हाक मारली, पण तिला ती ऐकू गेली नाही. शेवटी ती आईसमोर येऊन खाली बसली.

"आई, चूक माही झाली."

"कायची चूक?"

"नमुन्याचा खायचा भाग घेऊन वाटायचा, असं आमच्याकडे लिहून असते. अंडं असंन तं टरफल काढून टाकतो. मासोळीचे खवले काढतो. अन् झिंग्याचा खायचा भाग कोनता?" तिने ताटाकडे बोट दाखवलं. "मले वाटलं, सारा. आपल्याकडे झिंगा सोलते कोन? म्या अख्खाच वाटला, टरफलासकट."

"मंग त्यानं काय होते?"

"गोड्या पान्यातल्या झिंग्याच्या टरफलात मुळातच एक वस्तू असते. जन्मताच. अन् ती दवाई पोटात गेल्यावर जे मागं उरते, ते तसंच असते. मशीनले दोन्ही सारखेच. सोलून आतला मासच तपासा लागते. हे लोकांनी कवाचंच शोधून ठेवलं आहे, अन् मले वाचावंसं वाटलं नाही. काहून की झिंगा म्हंजे काय, ते मले कोनी सांगाची गरजच नव्हती."

सत्यभामाला सगळं कळलं नाही, पण मुद्द्याचं तेवढं कळलं. बोडीत कोणी काही टाकलं नव्हतं. रुखमाने काही टाकलं नव्हतं. तिला पाण्यात उभी असलेली रुखमा दिसली आणि हातातला घास तिने परत ताटात ठेवला.

मग दुसरा विचार आला आणि त्याने पहिल्याला मागे ढकललं.

"तुले तिथं नोकरीवर पक्कं कवा करनार आहेत?"

"पुढच्या महिन्यात ठरनार होतं."

सत्यभामाने आवाज खाली आणला, जणू भिंतीपलीकडे मॅडम बसल्या होत्या. "मंग असं कर ना, बाई. मशीनमंदी काही गडबड वाटते, पुन्हा एकदा पाहू, असं म्हन. झिंगे पास होतीन. तुह्यं नाव कायले मधात आनतं?"

रुचिताने आईकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं.

"मशीन बिघडली नाही, आई. अन् मी असं म्हनलं तं उद्या दुसरं कोनी असेच अख्खे झिंगे वाटंन. मंग कोन्या दुसऱ्या बोडीतले नापास होतीन."

 आठवडाभर सत्यभामा सगळ्या गावाला मशीनबद्दल जे सुनावत होती ते आता लेकीच्या तोंडून ऐकताना तिला मान वर करवेना. तिने उरलेले झिंगे लेकीच्या ताटात वाढले. रुचिताने एक उचलला, क्षणभर हातात धरला आणि टरफलासकट खाल्ला.

सोमवारी सकाळी सत्यभामाने घरी जायला हवं होतं. ती गेली नाही. लेकीबरोबर प्रयोगशाळेपर्यंत चालत गेली आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बाकावर बसली. समोर काचेची मोठी खिडकी होती. पांढऱ्या कोटातली रुचिता तिने आजवर फोटोतच पाहिली होती. एकदा डोळ्यांनी पाहायची तिची केवढी हौस होती, आणि आज ती पाहायला मिळत होती तर अशा वेळी.

आत एक चष्मेवाल्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. त्याच लांजेवार मॅडम असणार. रुचिता त्यांच्यासमोर उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घेऊन, शाळेत उभी राहायची तशी. ती बोलत होती. बोलणं ऐकू येत नव्हतं. मॅडमनी चष्मा काढला. काही विचारलं. रुचिताने मान हलवली आणि पुन्हा बोलायला लागली. मान मात्र तिने एकदाही खाली घातली नाही.

 पोरीची नोकरी जाईल या भीतीने सत्यभामा बाकाच्या कडेपर्यंत सरकली होती. आणि तरी त्या भीतीच्या मधूनच तिला अभिमान वाटत होता. तो इतका वाटत होता की तिचे डोळे भरून आले. तिचं तिलाच नवल वाटलं. दहावी, बारावी, एमएस्सी, नोकरी, कशालाच असं झालं नव्हतं. तेव्हा आनंद व्हायचा तो लोकांना सांगायचा म्हणून. आज सांगायला शेजारी कोणी नव्हतं, फाटकावरचा चौकीदार सोडला तर. सत्यभामाने पदराने डोळे पुसले आणि त्यालाच सांगितलं.

"ते उभी आहे ना पांढऱ्या कोटात, ते माही पोरगी होय."

"हो काय जी?" चौकीदार म्हणाला.

बऱ्याच वेळाने रुचिता बाहेर आली.

"अर्धा नमुना फ्रीजरमंदी राखून ठेवला असते. तो सोलून पुन्हा तपासनार आहेत. दुसऱ्याच्या हातानं. म्याच म्हनलं, मी हात नाही लावत, माह्या आईचे आहेत."

"अन् तुह्या नोकरीचं?"

"मॅडम काही बोलल्या नाहीत." रुचिताने आईची पिशवी उचलली. "तुले आत चहाले बोलावलं आहे."

निकाल आठवडा संपायच्या आत आला; तोवर सत्यभामाने गावात कोणाला काही सांगितलं नव्हतं. सोललेल्या झिंग्यात औषधाचा लवलेश नव्हता. प्रयोगशाळेने जुना कागद रद्द करून नवा पाठवला आणि त्यात चुकीची कबुलीही लिहिली. पण इंग्रजीतल्या त्या चार ओळी वाचायच्या कोणी? कैलाशचा फोन मात्र पाच मिनिटांत आला. उद्या सकाळी बर्फाची गाडी घेऊन येतो, म्हणाला. रुचिताच्या नोकरीचं अजून काहीच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळ्या बायका बोडीवर होत्या. रुखमाही आली होती. तिच्याशिवाय जाळं नीट पडत नाही म्हणून एकीने तिला घरून बोलावून आणलं होतं. ती सत्यभामाकडे न पाहता कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि जाळ्याचं टोक खांद्यावर घेऊन उभी राहिली.

पारीवर आनंदीआनंद होता. कैलाश गाडीतून क्रेट उतरवत होता.

"मशीनच बिघडली असंन जी," एक बाई म्हणाली. "मशीनचं काय सांगावं."

"त्याइच्या मशीनपायी आपला जीव जात होता," दुसरी म्हणाली.

रुखमाने पाण्यातून वर पाहिलं. तिचा चेहरा अजून ताठरलेलाच होता, पण ती मनाची मोठी बाई होती. "जाऊ द्या ना," ती म्हणाली. "मशीन होय, बिघडते कवा कवा. चला, जाळं ओढा."

विषय तिथेच संपत होता. ज्या बाईवर आळ आला होता तिनेच तो संपवला होता. सत्यभामाने नुसतं हो म्हणायचं होतं, किंवा तेही नाही, नुसतं जाळ्याला हात लावायचा होता. आपल्या लेकीच्या हातून चूक होत नाही हे तिचं बोलणं गावात तसंच उभं राहिलं असतं.

तिने पिशवीतून एक खोका काढला. साकोलीच्या दुकानातून कालच आणून ठेवलेला. पेढ्यांचा खोका पाहून बायकांत हसू पसरलं. सत्यभामाबाईचं हे नेहमीचंच होतं.

सत्यभामा चपला काढून पाण्यात उतरली. लुगडं भिजत गेलं तरी थांबली नाही. रुखमासमोर जाऊन उभी राहिली आणि पहिला पेढा तिच्यापुढे धरला.

"झिंगे पास झाले त्याचे काय?" रुखमाने कोरडेपणाने विचारलं.

"नाही." सत्यभामाने आवाज चढवला. पारीवरच्या सगळ्यांना, गाडीजवळच्या कैलाशलासुद्धा ऐकू जाईल असा. रुचिता एमएस्सी झाली तेव्हा ज्या आवाजात दारोदार सांगत फिरली होती, त्याच आवाजात ती बोलली. "मशीन नव्हती बिघडली. माही रुचिता चुकली. झिंगे टरफलासकट वाटले तिनं. अन् स्वतःच मॅडमसमोर जाऊन सांगून आली, कोनी इचारलं नव्हतं तरी. त्याचे पेढे आहेत."

कैलाशने हातातला क्रेट खाली ठेवला.

"तुह्यं नाव म्या तोंडानं नाही घेतलं, पन डोळ्यानं घेतलं, रुखमा," ती मग हळू म्हणाली. हे फक्त रुखमापुरतं होतं. "चूक कशी सांगाची, ते पोरीकडून पाहून आली मी."

रुखमा तिच्याकडे पाहत राहिली. जाळ्यात काहीतरी धडपडलं, पाणी हललं. रुखमाचे दोन्ही हात दोरात गुंतले होते. तिने तोंड पुढे केलं आणि सत्यभामाने पेढा तिच्या तोंडात घातला.

"पोरीची नोकरी?" तिने पेढा चघळतच विचारलं.

"ठाऊक नाही अजून."

"राहीन नोकरी," रुखमा म्हणाली, आणि जाळ्याचं एक टोक तिच्या हातात दिलं. "धर. जड आहे, एकटीले नाही उचलत."